मास्तरांची तार, सातची हजेरी

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या तारेचे तुकडे साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक दिवस कोपऱ्यातला खोका उचलायला जावं तर तो जागचा हलत नाही! आमच्या ग्रुपचे किस्से असेच साठलेत. तसं बघायला गेलं तर घरी अँटेना लावायची म्हणजे काम ते केवढं? एक तार, दोन झाडं आणि थोडी दोरी. पण ती तार वर राहील का, या एका काळजीत माझे अर्धे केस पांढरे झाले. उरलेल्या अर्ध्यांना आमचे हे जबाबदार आहेत.

मी शुभदा. दुकान रत्नागिरीत, सासऱ्यांनी काढलेलं, आता मी चालवते. पंपाच्या मोटारी भरता भरता रेडिओचा नाद लागला, परीक्षा दिली, सरकारी परवाना आला आणि मी हॅम झाले. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. आपल्या घरून शॉर्टवेव्हवर बोलायचं. फोन नको, टॉवर नको, नेट नको. आपल्याकडे मध्ये इतके डोंगर की साधे वॉकीटॉकी कामाचे नाहीत. शॉर्टवेव्ह सरळ वर जाते, आभाळाला लागून खाली येते, डोंगराची भानगडच नाही.

आम्ही चौघं. लांज्याचा विन्या, काजूचा कारखाना चालवतो, त्याला देवाने गप्प बसायचं बटणच दिलेलं नाही. नाट्याचे इब्राहिमभाई, उभी हयात आखातात बोटींवर गेली, दोरीची गाठ मारावी तर त्यांनीच. आणि मांडवकर मास्तर. पालीपासून आत, डोंगराच्या खोलगटात एका वाडीत एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर.

रोज सकाळी सातला मी रेडिओवर हजेरी घेते. जो उत्तर देणार नाही त्याच्या घरी नऊच्या आत कुणीतरी थडकायचं, हा नियम. नियम मास्तरांचा, कारण त्यांनी चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. हजेरीचं पुस्तक मात्र त्यांनी माझ्याकडे दिलं. मी गॅस बंद केला का ते बघायला मारुती मंदिरापासून परत घरी येणारी बाई! असल्या बाईच्या हातात चार माणसांचा जीव दिला.

पहिल्याच दिवशी मी नाव पुकारलं, "मांडवकर मास्तर?" आणि तिकडून खणखणीत आवाज आला, "हजर, बाई!"

०००

पहिला किस्सा माझ्याच घरचा.

गच्चीच्या टोकापासून ज्योतीवहिनींच्या फणसापर्यंत तार ताणली होती, चांगली वीस मीटर. ज्योतीवहिनी म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांना विचारूनच लावली. "लाव गो, माझं काय जातंय!" म्हणाल्या.

आठ दिवसांनी सकाळी सेट लावला तर मीटरचा काटा भलतीकडेच! तार ठीक असली की सेटमधली ताकद वर निघून जाते. काही बिघडलं की तीच ताकद परत येते आणि सेट जाळते. धावत गच्चीवर गेले. बघते तर वहिनींच्या बाजूच्या तारेवर ओळीने ओले बोंबील वाळत घातलेले! वर कावळे, खाली मांजरं, आणि मध्ये माझी अँटेना.

"वहिनी, अहो ही अँटेना आहे!"

"मग मी कुठे दोरी म्हणतेय? स्वच्छ दिसली म्हणून घातले. आणि मांजर नाय पोचत बघ तिथे."

मी हे विन्याला सांगितलं, ही चूक. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत रेडिओवर म्हणतो, "शुभावहिनी, आज तुमचा सिग्नल एकदम फर्स्ट क्लास येतोय. वासासकट!"

०००

त्याच बोंबलांपायी पुढे तार तुटली. कावळ्यांची मारामारी झाली असणार. सकाळी सातला नुसती खरखर. मी म्हटलं, दुपारी जोडू, आणि घावनं घालायला घेतली. आयुष्यात एकदा निवांत राहिले आणि तेच अंगाशी आलं.

सव्वाआठला दारात गाडी कचकन थांबली. विन्या! पायात दोन वेगवेगळ्या चपला. तो आत येतोय तोवर मासळीच्या टेम्पोतून इब्राहिमभाई उतरले. आणि नऊला पाच मिनिटं असताना दुधाच्या गाडीतून मास्तर. तिघं अंगणात माना खाली घालून उभे. हे बघून शेजारी जमले. ज्योतीवहिनी तर रडायलाच लागल्या, कशासाठी ते न विचारता!

मी हातात उलथनं घेऊन बाहेर आले. "काय झालं? कोण गेलं?"

इब्राहिमभाई म्हणाले, "या अल्ला," आणि पायरीवर मटकन बसले.

आमचे हे आतून म्हणाले, "एवढ्या तातडीने माणसं हिच्या लग्नाला पण आली नव्हती!"

सगळे हसले. घावनं पुरली नाहीत, परत पीठ भिजवावं लागलं. मास्तर मात्र हसले नव्हते. खिशातून डायरी काढून त्यांनी काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "नियम चालतो तर. हे संगूला सांगायला हवं."

०००

संगू म्हणजे संगीता, मास्तरांची एकुलती एक लेक. डोंबिवलीत असते. आई गेल्यापासून ती बाबांना म्हणतेय, माझ्याकडे चला. आणि तिचं चुकतंय असं कोण म्हणेल? मास्तरांच्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं. मोबाइलची रेंज नाही. फोन करायचा तर मास्तरांनी अर्धा तास चढून वर सड्यावर, कातळावर जायचं. पलीकडच्या वाडीत एक आजोबा न्हाणीघरात पडले ते दोन दिवसांनी कळलं. संगीताने ते ऐकल्यापासून तिची झोप उडाली.

मास्तर म्हणाले, मी माझ्या घरातून हलणार नाही. लेक म्हणाली, मग मला रोज कळलं पाहिजे. शेवटी तह झाला. मास्तरांनी सातला हजेरी द्यायची. साडेसातला संगीता मला मेसेज करणार, "आले?" मी लिहिणार, "आले." आणि ज्या दिवशी हजेरी चुकली, त्या दिवशी बॅग भरायची. वाद नाही.

म्हणजे बघा! मास्तरांचं राहतं घर वीस मीटर तारेला टांगलेलं, आणि तिची देखभाल माझ्याकडे. तेव्हापासून वारा सुटला की मी उठून बसते.

संगीताला रेडिओचं नाव काढलेलं खपत नाही. लहानपणी मास्तरांनी तिला मोर्स कोड शिकवला, टिंब-रेघांची ती भाषा, तीही जेवताना, ताटावर चमचा वाजवून! बाकी अक्षरं तिने पटापट उचलली. फक्त इंग्रजी जे जमायचा नाही. एक टिंब आणि तीन रेघा. ही दोन रेघांवरच थांबायची. मास्तर म्हणायचे, "पुन्हा." भाकरी गार होईपर्यंत पुन्हा. अजून ताटात चमचा वाजला की ती पानावरून उठते, असं मास्तर हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

०००

मास्तरांची नवी तार लावायचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. जुनी फार खाली होती, कधी लागायची, कधी नाही; तहानंतर भरवशाची हवी होती.

एक टोक घराच्या आंब्याला. दुसऱ्या टोकाला हवं तसं उंच, सरळ एकच झाड होतं, पण ते देवाचं! राखणदाराच्या जागेतलं. त्याला खिळा तर सोडाच, दोरी बांधायची तरी देवाला विचारल्याशिवाय नाही. मास्तर विज्ञान शिकवायचे. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "गावात राहायचं तर गावाला विचारून."

दाजी गुरवांनी कौल लावला. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, मास्तरांची रेडिओची तार तुझ्या झाडाला बांधायची हाय. कुणाला इजा नाय, झाडाला घाव नाय. तुझा हुकूम काय तो दे."

आम्ही म्हटलं, "होय म्हाराजा!" इब्राहिमभाई टोपी सावरून मागे उभे होते, तेही पुटपुटले.

कळी पडेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. ऊन उतरायला लागलं. उद्या सातला तहाची पहिली हजेरी, संगीता तिकडे मोबाइल धरून बसलेली, आणि आम्ही इथे दोन कळ्यांकडे बघत उभे! विन्या हळूच म्हणाला, "फुंकर मारू काय?" मी त्याच्या पायावर पाय दिला.

आणि पडली. डावी!

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आता दुसरं झाड कुठून आणायचं? मास्तरांनी शांतपणे हात जोडले आणि चप्पल घालायला वळले. दाजी डोकं खाजवत उभे. मग म्हणाले, "देव त्येच्या झाडाला नाय म्हनाला. तुमच्या कुंपनाला लागून माझा माड हाय, त्येच्याबद्दल आपन कुठं इचारलं?"

"मग आता विचारायचं?"

"छ्या! माड माझा हाय. त्येच्यात देवाला कशाला तरास!"

०००

माडाचं एक आहे. माड डोलतो. आणि झावळ टाकतो. तार घट्ट बांधली तर वाऱ्याने तुटणार, सैल सोडली तर लोंबणार. मी मधलं काहीतरी बांधून आले आणि घरी येऊन काळजी करत बसले.

झावळ राहिली बाजूला, पहिले आले वांदर! एका सकाळी मास्तरांचा आवाज मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, परत मोठा. "हजर... बा... ई..." असा लाटेवर बसल्यासारखा.

विन्या लगेच शास्त्रज्ञ झाला. "मास्तर, फेडिंग आहे हे. आभाळाच्या वरच्या थरांत हालचाल चाललेय."

मास्तर म्हणाले, "वरच्या थरात वांदर आहे. झोपाळा खेळतंय."

मी त्या दिवशी संगीताला लिहिलं, "आले." वांदराचं लिहिलं नाही. तेवढं लपवताना पण मी दोनदा खोडून लिहिलं. पुढे काय लपवणार होते ते तेव्हा कुठे माहीत होतं!

०००

आता हा किस्सा मी विन्यालासुद्धा सगळा सांगितलेला नाही.

पावसाळा सरला होता. सकाळी सात. विन्या हजर, इब्राहिमभाई हजर. "मांडवकर मास्तर?" खरखर. "मास्तर, ऐकताय?" खरखर. साडेसातपर्यंत पुकारत राहिले, मोर्स ठोकायच्या कीवर ठोकून बघितलं. काही नाही. इब्राहिमभाई म्हणाले, "वहिनी, तू जवळ हायस. नीघ." मी हेल्मेट शोधत होते. हेल्मेट डोक्यावरच होतं!

तेवढ्यात मोबाइल वाजला. संगीता. "आले?"

नियमाप्रमाणे लिहायला हवं होतं, नाही आले, बघायला निघालेय. पण तसं लिहिलं की बॅग! तार पडली असेल नुसती, आणि त्यासाठी म्हाताऱ्या माणसाचं घर सुटेल. आणि समजा तार पडली नसेल, तर? त्या "तर"च्या पुढे मला विचार करवेना. मी लिहिलं, "आले." पाठवलं. आणि मग डोक्यात आलं. आता मास्तरांना खरंच काही झालं असेल तर? त्यांच्या लेकीला मी लिहून दिलंय की ते आहेत!

पालीपर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते माझं मला माहीत. प्रत्येक वळणावर देवाला एक एक नारळ कबूल केला. आकडा विसरले, म्हणून अजून भीती वाटते. वाडीत शिरले, घराचं दार सताड उघडं. "मास्तर!" उत्तर नाही. स्वयंपाकघर रिकामं. चूल गार. न्हाणीघराकडे जायला माझे पाय तयार होईनात. शेवटी डोळे मिटून दार ढकललं. तिथेही कुणी नाही.

मागून आवाज आला, "शुभदा, पक्कड दे गो तेवढी."

परसात, दाजींच्या माडाला शिडी लावलेली. शिडीच्या पाचव्या पायरीवर मास्तर, खांद्यावर तार, दातांत दोरी! खाली हीऽऽ मोठी झावळ पडलेली.

मी तिथेच खाली बसले आणि भोकाड पसरलं. रडता रडता त्यांना नाही नाही ते बोलले. ह्या वयात शिडीवर चढता? लाज नाही वाटत? कुणाला हाक मारता येत नव्हती? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी मेल्या म्हटलं! ते निमूटपणे खाली उतरले, मला तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "माझी गैरहजेरी मांडलीस ना?"

मी म्हटलं, "संगीताला आले म्हणून कळवलं."

मास्तरांचा चेहरा उतरला. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि आवाज मात्र अगदी हळू. "चाळीस वर्षांत एका पोराची खोटी हजेरी लावली नाही मी. तू माझीच लावलीस?"

काठी घेतली आणि सड्याची वाट धरली. मी मागे धावले, हात जोडले. "मास्तर, नका सांगू. ती घेऊन जाईल तुम्हाला." ते थांबले नाहीत. वर कातळावर पोचल्यावर रेंज आली तसा नंबर लावला.

"संगू, आज मी गैरहजर होतो. तार पडली. शुभदाने तुला खोटं कळवलं. तिला रागावू नकोस, ती मुळातच घाबरट आहे."

०००

संगीता शनिवारी आली. सोमवारी सकाळी नऊला पालीहून गाडी यायची ठरली. बाप लेकीला एका शब्दाने अडवेना. शब्द म्हणजे शब्द! पुस्तकं बांधायला काढली, डबे रिकामे केले. सेट तेवढा सोमवारी सकाळी उतरवू म्हणाले.

रविवारी आम्ही तिघं गेलो. विन्याने निरोपाचे म्हणून दोन किलो काजूगर आणले होते. संगीताने माझ्याकडे एकदाच बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

इब्राहिमभाईंनी पिशवीतून होडीवरची कप्पी काढली आणि माडाकडे बघायला लागले. गळाच्या दोरीला शिसं बांधलं, एकदा हातात खेळवलं आणि फेकलं. दोरी माडाच्या शेंड्यातून अलगद पलीकडे! आम्ही जिथे शिड्या लावत होतो तिथे ह्या माणसाने जमिनीवर उभं राहून काम केलं. मग दोरीने कप्पी वर नेली, कप्पीतून तारेचा दोर घेतला आणि त्याच्या खालच्या टोकाला जांभ्याचा धोंडा टांगला. माड डोलला की धोंडा वर, माड परतला की धोंडा खाली. तार कायम ताठ, पण तुटायची नाही.

संगीता पडवीत हाताची घडी घालून उभी होती. "हे कशाला आता? उद्या नेतेय मी त्यांना."

इब्राहिमभाईंनी मागे न बघता सांगितलं, "बाय, होडी इकायची झाली तरी पाणी उपसावंच लागतं."

ती आत निघून गेली. पण दुपारी कुळथाची पिठी आणि भात तिनेच वाढला. मास्तर दिवसभर उन्हात आमच्याबरोबर, दोर धरायला, धोंड्याला भोक पाडायला. आम्ही नको नको म्हणत होतो. जेवताना त्यांचा चमचा ताटावर वाजायला लागला, सवयीने, टिक टिक. मी संगीताकडे बघितलं. ती उठली नाही. नुसती म्हणाली, "बाबा, जेवा."

निघताना मास्तर म्हणाले, "उद्या सातला आहे हं मी. शेवटची हजेरी."

०००

सोमवार. सात वाजले. सेटसमोर बसले तेव्हा माझ्याकडून पेनाचं टोपणसुद्धा निघेना.

विन्या हजर. तेव्हा एकच शब्द बोलला, हाच एक चमत्कार. इब्राहिमभाई हजर.

"मांडवकर मास्तर?"

खरखर.

"मांडवकर मास्तर?"

खरखर. धोंडा पडला? गाठ सुटली? की कालच्या उन्हाने... मी मोबाइलकडे बघितलं. संगीता तिथेच होती, मेसेज येणार नव्हता. तरी बघितलं.

आणि मग आली. मोर्स. स्वच्छ, मोठी. तार वर होती!

पण हात मास्तरांचा नव्हता. मास्तरांची की पळते. ही अडखळत होती. एच. मग लांब गॅप. ए. परत गॅप. मग एक टिंब, दोन रेघा, आणि थांबली. मी पेन घट्ट धरलं. थोड्या वेळाने पुन्हा, एक टिंब, एक रेघ, दोन रेघा... आणि तिसरी. मग ए. मग आर.

हजर.

विन्या सुरू झालाच. "मास्तर, आज तुमचा हात..."

"विन्या," इब्राहिमभाई म्हणाले, "तू गप ऱ्हव."

परवाना तिचा नाही, परवान्याबरोबर मिळणारी कॉलसाइन तिची नाही. कायद्याने चूक. मास्तरांच्या कायद्याने तर महापाप! माझं मन दहा वेळा मागे-पुढे झालं. मग मी माइक दाबला आणि म्हटलं, "मांडवकर मास्तर, हजर," आणि पुस्तकात लिहिलं.

आणि स्कूटर काढली. तार ठीक, मग मास्तरांना काय झालं? पुन्हा तीच वळणं, पुन्हा नारळ!

पोचले तर पडवीत संगीता चहाचा कप घेऊन बसलेली. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. आत मास्तर घोरत होते, अगदी नांगर टाकल्यासारखे. बॅग भरलेली, खाटेशेजारी.

"काल दमले खूप," ती हळू आवाजात म्हणाली. "उठवावंसं नाही वाटलं."

मी हेल्मेट काढून टेकले. तिने मला चहा ओतला.

"जाताना पालीत त्या गाडीवाल्याला निरोप द्याल? आज नको म्हणावं. इथे रेंज नाही."

"आज नको, मग कधी?"

"एवढंच सांगा. आणि हजेरी साडेसातला घेत जा ना. सात फार लवकर होतं त्यांना हल्ली."

तेवढ्यात आतून धडपड ऐकू आली. मास्तर विस्कटलेल्या केसांनी दारात आले. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पार घाबरून गेले. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघितलं.

"शुभदा, तू आलीस म्हणजे... माझी हजेरी..."

"लागली, बाबा," संगीता म्हणाली.

मास्तर मागे वळले. आतल्या टेबलाकडे बघितलं. सेटचा दिवा चालू होता आणि की जागेवरून जराशी सरकलेली. मग लेकीकडे बघितलं. मी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस काठी घेणार आणि सड्याची वाट धरणार.

ते तिच्या शेजारी पायरीवर बसले.

मग म्हणाले, "जे नीट आला?"

संगीता म्हणाली, "दुसऱ्यांदा आला."